सात वर्षांच्या गोलीसाठी पॅड: वाढत्या मापाचे घेऊ नका

कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. लेक सात वर्षांची, उंची १२१ सेंटीमीटर. गेल्या हिवाळ्यात आइस हॉकी सुरू केली आणि आता तिला गोलीच, म्हणजे गोलरक्षकच, व्हायचंय. दिरांच्या मुलाचे २८ इंची लेग पॅड घरात पडून आहेत, ते फुकट मिळतायत. दुकानदार म्हणाला, मुलं भराभर वाढतात, मोठेच घ्या. नवरा म्हणतो, एवढ्याशा पोरीला क्रिकेटचे पॅड बांधले तरी पुरे. मग घ्यावं काय?

ताई, २८ इंची पॅड आत्ता तिच्या पायाला बांधू नका. फुकट असले तरी नाही. क्रिकेटच्या पॅडबद्दल तुमच्या यजमानांनी विचारलं ते वेडेपणाचं अजिबात नाही, त्याकडे पुढे येतो. आधी मोठ्या पॅडचं बोलू, कारण लहान गोलींचं सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं.

आपल्या घरांत मुलांच्या बाबतीत एक गोष्ट मुरलेली असते: वाढत्या मापाचं घ्यायचं. फ्रॉकला आत चार बोटं दाब ठेवायचा, पँट खालून दुमडून शिवायची, बुटात पुढे कापूस घालायचा. मीही तसाच वाढलो. मिसिसागात आल्यावर माझ्या मुलाने सहाव्या वर्षी गोली व्हायचा हट्ट धरला, तेव्हा मी त्याच हिशेबाने दुकानात गेलो. तिथल्या माणसाने २४ आणि २८ असे दोन जोड समोर ठेवले आणि म्हणाला, मोठा घ्या, तीन वर्षं बघायला नको. मला ते शंभर टक्के पटलं. मोठा घेतला.

पहिल्या शनिवारी सकाळी सात वाजता रिंकवर तो उभा राहिला तेव्हा फार रुबाबदार दिसला. पॅड जवळजवळ कमरेपर्यंत. पहिला पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, आला, तो गुडघ्यावर बसला, आणि उठेना. पॅड मांडीखाली आडवे झालेले, गुडघे पॅडच्या पोटरीच्या भागात घसरलेले, पुढची टोकं एकमेकांत अडकलेली. त्याने ब्लॉकरचा, म्हणजे काठीच्या जाड हातमोज्याचा, हात टेकला, ट्रॅपरचा, म्हणजे पक झेलायच्या हातमोज्याचा, हात टेकला, काठी बाजूला पडली. कोचने जाऊन काखेत धरून उभं केलं. तासाभरात हे दहा-बारा वेळा झालं. परत येताना गाडीत तो मागच्या सीटवर गप्प बसला होता. घराजवळच्या सिग्नलला म्हणाला, "बाबा, मला जमत नाही." त्याला जमत होतं. पॅडला जमत नव्हतं. पण सहा वर्षांच्या मुलाला हे कुठून कळणार? तो दोष स्वतःकडेच घेतो.

त्यानंतर मी हे नीट शिकलो. पुढे आठ वर्षं शनिवार-रविवार एका दुकानात गोलीच्या सामानाच्या काउंटरवर काम केलं, आणि आजही लहान गोलींच्या सरावाला बर्फावर उतरतो. जे सांगतोय ते शेकडो छोट्या पायांना पॅड बांधून कळलेलं आहे.

गोलीचा पॅड ही नडगीपुढे धरलेली ढाल आहे असं बाहेरून बघणाऱ्याला वाटतं. उभं असताना ते खरंही आहे. पण आजचे गोली बहुतेक पक गुडघ्यावर बसून अडवतात. दोन्ही गुडघे आत टेकवायचे, पावलं बाहेर फेकायची, म्हणजे पाय फुलपाखराच्या पंखांसारखे दोन्हीकडे पसरतात. म्हणून त्याला बटरफ्लाय म्हणतात. या स्थितीत मुलीची नडगी जमिनीला समांतर असते आणि पॅडचं तोंड मात्र समोर, फटका मारणाऱ्याकडे असायला हवं. म्हणजे पाय खाली जाताना पॅड पायाभोवती पाव वळण घेतो. गुडघा पॅडच्या आतल्या बाजूच्या जाड फोमच्या ठोकळ्यावर टेकतो, आणि पॅडची आतली कड बर्फाला चिकटते. मुलगी उठली की पॅड परत पुढे फिरतो.

हे फिरणं गुडघा त्या ठोकळ्याच्या मधोमध आला तरच नीट होतं. पॅड मोठा असेल तर गुडघा ठोकळ्याच्या खाली उतरतो. मग पॅड अर्धवट फिरतो, आतली कड बर्फापासून उचललेली राहते, आणि सरपटत येणारा पक तिथून आत. पॅड लहान असेल तर गुडघा ठोकळ्याच्या वर जातो, उघडा पडतो, आणि दोन मांड्यांमधली फट, ज्याला इकडे फाइव्ह-होल म्हणतात, ती बुजत नाही. शिवाय उघड्या गुडघ्यावर पक बसला की मूल पुढच्या वेळी कचरतं, आणि ही भीती निघायला फार दिवस लागतात.

तेव्हा पॅडवर छापलेला आकडा विसरा. २४, २६, २८ ही टोकापासून टोकापर्यंतची लांबी आहे, आणि दोन कंपन्यांच्या २६ इंची पॅडमध्ये गुडघ्याची जागा वेगवेगळ्या उंचीवर असते. तुम्हाला हवं ते माप घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचं.

ते घरीच घ्या. शिवणकामाची टेप काढा. लेकीला खुर्चीवर बसवा, पाऊल जमिनीवर सपाट, गुडघा काटकोनात. पायमोजा चालेल, जाड पायजमा नको. घोट्याच्या पुढे, जिथे पाऊल आणि नडगी मिळतात आणि त्वचेला घडी पडते, तिथे टेपचं टोक धरा. तिथून सरळ नडगीवरून वर, गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत. दोन्ही पाय मोजा, दोनदा मोजा. १२१ सेंटीमीटर उंचीच्या मुलीचं हे माप साधारण साडेअकरा इंचांच्या आसपास निघेल. थोडं इकडेतिकडे होईल, कारण कुणाचे पाय लांब, कुणाचं धड.

आता हीच टेप पॅडवर लावा, आणि हे दुकानात फारसं कुणी करत नाही. पॅड उताणा करा, म्हणजे पट्टे वर येतील. खाली जिथे बुटावर बसणारा भाग आणि नडगीचा भाग यांत मोड आहे, तिथून गुडघ्याच्या खोबणीच्या मध्यापर्यंत मोजा. तो आकडा लेकीच्या आकड्याइतका किंवा फार तर एक इंचाने मोठा असावा. एक इंच हीच वाढीची जागा. दाब ठेवायचा तो एवढाच.

हा एक इंच कमी वाटत असेल तर हिशेब बघा. या वयात मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटीमीटर वाढतं. त्यातला घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचा वाटा दीड सेंटीमीटरच्या जवळपास. म्हणजे एक इंच जागा असलेला पॅड दीड-दोन हंगाम आरामात जातो. उंची सात सेंटीमीटर वाढली म्हणून घाबरून नवे पॅड आणणारे पालक मी पाहिलेत. नडगी मोजली तर जेमतेम दोन सेंटीमीटर वाढलेली असते. दर सप्टेंबरला हंगाम सुरू व्हायच्या आधी आणि एकदा नाताळच्या सुट्टीत हे माप घ्या, पेन्सिलने कपाटाच्या दाराच्या आत लिहून ठेवा.

तुमच्या लेकीला बहुधा २४ किंवा २६ इंची पॅड बसेल. दोन्ही मागवा आणि घालून बघा. घालून न बघता गोलीचे पॅड घेऊ नका, अगदी पन्नास डॉलर सवलत असली तरी.

घालून बघणं म्हणजे उभं राहून आरशात बघणं नव्हे. लेकीचे स्वतःचे स्केट घेऊन जा, पात्यांवर रबरी कव्हर चढवा. पॅड बांधायची सोपी रीत ड्रेसिंग रूममध्ये रोज दिसते: मुलाला रबरी फरशीवर पालथं झोपवायचं, पाय सरळ, आणि पॅड खालून सारून पट्टे वरून लावायचे. बाकं, पिशव्या, ओले मोजे या सगळ्यांच्या मधोमध चार वर्षांपासून दहा वर्षांपर्यंतची मुलं अशी पालथी पडलेली असतात आणि वर आईबाप वाकून बक्कलं शोधत असतात. पॅडला डावा-उजवा असतो. बक्कलं बाहेरच्या अंगाला आली पाहिजेत, आणि गुडघ्याचा जाड ठोकळा आतल्या अंगाला. उलटे बांधलेले पॅड मी महिन्यातून एकदा तरी बघतो आणि त्यात कुणाचाच मूर्खपणा नाही; सकाळी साडेसहाला, बाहेर उणे अठरा असताना, ते सहज होतं. एका पॅडच्या आत मार्करने "डावा" लिहून टाका.

मग तिला गुडघ्यावर बसायला सांगा. हळू नाही, बर्फावर बसेल तशी, धपकन. तुम्ही जमिनीवर बसून तिच्या पातळीला या आणि तीन जागा बघा. गुडघा ठोकळ्याच्या मधोमध आहे का, तिथे बोट घालून चाचपा. पॅडची आतली कड गालिच्याला पूर्ण चिकटली आहे का. आणि वरची दोन टोकं मांड्यांसमोर एकमेकांना जेमतेम भेटतात की एकमेकांवर चढतात. चढत असतील तर पॅड वरून उंच आहे.

आता उठायला सांगा, हात न टेकता. एक पाय वर, मग दुसरा. मग परत बस. असं दहा वेळा. पाचव्या-सहाव्या वेळी ती दमली, हात टेकायला लागली, तर तो पॅड तिचा नाही. माझ्या लेखी ही एकच परीक्षा बाकी सगळ्या मापांपेक्षा मोठी आहे. लहान मुलांच्या सामन्यात पहिला फटका अडवला जातोच. गोल होतो तो परत आलेल्या पकवर, गोली अजून खाली असताना.

इथे एक शंका पालक नेहमी काढतात: पॅड मोठा म्हणजे भिंत मोठी, मग जास्त पक अडणार नाहीत का? मोठ्यांच्या खेळात हे इतकं खरं आहे की त्यावर नियम करावे लागले. एनएचएलने, म्हणजे इथल्या मोठ्या व्यावसायिक लीगने, २००५ मध्ये पॅडची रुंदी १२ इंचांवरून ११ वर आणली, आणि पुढे गुडघ्याच्या वर पॅड किती असावा हे गोलीच्या स्वतःच्या मांडीच्या मापावर बांधलं. पण ते नव्वद किलोचे कमावलेले लोक. बावीस-तेवीस किलोच्या मुलीला पॅड हलवायला शरीराचं बळ नाही, फक्त बसवणुकीची मदत आहे. आणि तिच्या गटात पक उंच जातो तरी किती? यू-९ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांखालच्या गटात, बहुतेक फटके बर्फाला धरूनच येतात. मांडीवरच्या जादा दोन इंचांना तिथे काम नाही. कामाची आहे ती खालची, बर्फाला टेकणारी कड, आणि गोलात इकडून तिकडे सरकता येणं.

आता क्रिकेटच्या पॅडबद्दल. तुमच्या यजमानांना सांगा की त्यांनी आइस हॉकीचा इतिहासच सांगितला. १८९६ च्या फेब्रुवारीत विनिपेग व्हिक्टोरियाजचा गोली व्हायटी मेरिट स्टॅन्ली कप या आइस हॉकीतल्या मानाच्या करंडकाच्या सामन्यात मॉन्ट्रियलविरुद्ध क्रिकेटचे पांढरे पॅड बांधून उतरला होता. विनिपेगने तो सामना २-० असा जिंकला. पुढची पंचवीसेक वर्षं गोली क्रिकेटचेच पॅड वापरत. ते चालत होते याला कारण होतं: तेव्हा गोली उभाच राहायचा. एनएचएलमध्ये १९१८ च्या जानेवारीत नियम बदलेपर्यंत पक अडवायला मुद्दाम बर्फावर पडणं हा गुन्हा होता. उभ्या माणसाला समोरून ढाल पुरते. मग १९२० च्या दशकात इथे आपल्या ऑन्टॅरिओतच, हॅमिल्टन गावात, घोड्यांचा साज बनवणारे एमिल केनेस्की यांनी चामड्याचे रुंद पॅड शिवायला घेतले. आत कापसासारखा कपोक आणि हरणाचे केस. पुढची कित्येक दशकं सगळे त्याच जातीचे पॅड वापरत. ते पाणी प्यायचे आणि तिसऱ्या पिरियडपर्यंत, म्हणजे सामन्याच्या शेवटच्या भागापर्यंत, दगडासारखे जड व्हायचे.

क्रिकेटचा पॅड आज चालणार नाही तो याचसाठी की तो फिरत नाही. तो नडगीला घट्ट बांधलेला असतो, कारण फलंदाजाला धावायचं असतं. गुडघ्यावर बसलं की त्याचं तोंड जमिनीकडे होतं आणि मुलीची पोटरी पकसमोर उघडी. शिवाय पक क्रिकेटच्या चेंडूइतकाच जड, साधारण १७० ग्रॅम, पण कडक रबराचा आणि धारदार कडेचा. लहान गटांत निळा पक वापरतात तो चार औंसांचा, म्हणजे ११३ ग्रॅमच्या आसपास, पण सरावाला काळा पक कुणीतरी टाकतोच.

असाच प्रश्न भारतातून येणाऱ्या आजी-आजोबांकडून येतो: मैदानी हॉकीतला आपला गोली श्रीजेश, त्याचे पॅड कसे चौकोनी, फोमचे असायचे, तसे का नाही? मैदानी हॉकीत गोली चेंडू पायाने लाथाडतो, म्हणून बुटावर वेगळा किकर, म्हणजे फोमचं आवरण, आणि वर फोमचा ठोकळा. चेंडू त्यावरून दूर उडावा अशी रचना. बर्फावर ते निरुपयोगी, आणि इकडचे पॅड तिकडे निरुपयोगी. तिकडून सामानात भरून आणू नका. तसंच गल्लीत खेळायच्या स्ट्रीट हॉकीचे स्वस्त पॅड दुकानात शेजारीच टांगलेले असतात, ते हलक्या चेंडूसाठी आहेत. ड्राइव्ह-वेवर भावाबरोबर खेळायला उत्तम, रिंकवर नाही.

पट्ट्यांचं सांगतो, कारण योग्य पॅडसुद्धा चुकीच्या पट्ट्यांनी बिघडतो. आपला हात आपोआप घट्ट बांधायला जातो, निसटू नये म्हणून. इथे उलटं. पॅडच्या टोकाशी स्केटला बांधायची दोरी किंवा इलॅस्टिक असतं. लहान मुलांसाठी इलॅस्टिकच घ्या, कारण ते स्वतः ताणून परत येतं आणि दर वेळी गाठ मारायला नको. पॅडचं टोक आणि स्केटचं टोक यांत दोन बोटं जागा राहू द्या. टाचेजवळचा पट्टा सैल. पोटरीचा पट्टा लागेल इतकाच, आत तुमची दोन बोटं सरकली पाहिजेत. गुडघ्याचा पट्टा मात्र नीट ओढा, कारण गुडघा खोबणीत धरून ठेवायचं काम त्याचं. वेल्क्रो असलेले पॅड बघा. चामड्याची छोटी बक्कलं गारठलेल्या बोटांनी लावणं मोठ्यांनाही जड जातं, आणि वेल्क्रो असला की सात वर्षांची मुलगी महिन्याभरात स्वतःचे पॅड स्वतः बांधते. त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर काय असतं ते बघायला तुम्ही तिथे असा.

पाय मुरगाळल्यासारखे, गुडघ्याच्या आतल्या बाजूला किंवा जांघेत दुखतं असं ती म्हणाली तर "सवय होईल" म्हणू नका. बटरफ्लायमध्ये मांडी खुब्यात आतल्या बाजूला वळते, आणि पॅड घट्ट किंवा मोठा असला की तो वळण घेत नाही, सगळा पीळ गुडघ्यावर आणि खुब्यावर येतो. आधी पट्टे सैल करा, मग माप तपासा. तरीही दुखलं तर खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवा. सात वर्षांच्या मुलीला तासभर बटरफ्लायच करायला लावणाऱ्या सरावाला तर पाठवूच नका. या वयात गोलीने निम्म्याहून जास्त वेळ उभ्याने स्केटिंग करावं, पुढे, मागे, आडवं. म्हणून पॅडही फार कडक नको. हाताने वाकवला तर नडगीपाशी थोडा लवणारा, हलका पॅड बरा. मोठ्या गोलींचे ताठ फळीसारखे पॅड टीव्हीवर छान दिसतात, पण ते ज्यांना रोज दीड तास बर्फावर घसरायचं असतं त्यांचे.

आता मला खरं तर जे सगळ्यात आधी विचारायला हवं होतं ते. तुम्हाला पॅड विकत घ्यायची गरज आहे का?

हॉकी कॅनडा या इथल्या हॉकी संघटनेच्या यू-७ गटात कायमचा गोली नसतोच. यू-९ मध्येही बऱ्याच ठिकाणी मुलांना आळीपाळीने गोलात उभं करतात, आणि ते फार चांगलं आहे. यासाठी टीमकडे किंवा असोसिएशनकडे झटपट बांधायचे पॅड असतात, जे नेहमीच्या नडगीच्या पॅडवरून आणि खेळाडूच्या स्केटवरूनच वेल्क्रोने बसतात. काही असोसिएशन तर हंगामभरासाठी पूर्ण सेट अनामत घेऊन वापरायला देतात. तुमच्या टीमच्या मॅनेजरना आजच एक ईमेल टाका. लेक सहा सामन्यांतून एकदा गोलात उभी राहणार असेल तर ते पॅड पुरेत, तुमचे पैसे राखून ठेवा. ती गोलीच्या सरावाला दर आठवड्याला जाणार असेल, आणि दोन-तीन महिन्यांनंतरही शनिवारी पहाटे स्वतः उठत असेल, तर तिचे स्वतःचे पॅड घ्या, आणि आनंदाने घ्या.

तेव्हाही नवेच हवेत असं नाही. मुलं पॅड झिजवायच्या आत त्यातून बाहेर पडतात, त्यामुळे जुन्या बाजारात चांगला माल मिळतो. प्ले इट अगेन स्पोर्ट्ससारखी जुन्या सामानाची दुकानं आहेत, किजिजी या जाहिरातींच्या वेबसाइटवर तर मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपला की रांग लागते. घ्यायला तेव्हा जा. सप्टेंबरात भाव चढलेले असतात. वस्तू हातात घेतल्यावर अंगठ्याने गुडघ्याचा ठोकळा दाबा. फोम परत वर आला पाहिजे. खड्डा तसाच राहिला तर त्याचा जीव गेलाय. आतली कड बोटाने वरपासून खालपर्यंत चाचपा, तिथे स्केटच्या पात्याने कापलेलं असतं आणि टाके उसवलेले असतात. मोडापाशी पॅड दोन्ही हातांनी वाकवा, कुरकुर आवाज किंवा आत तुकडे हलताहेत असं वाटलं तर सोडून द्या. पट्टे बदलता येतात, ती अडचण नाही. मग नाक जवळ न्या. घामाचा वास धुऊन जातो, पण तळघरातल्या बुरशीचा वास फोममध्ये बसला की जात नाही. कुणी आजोबांचे जुने चामड्याचे, केस भरलेले पॅड प्रेमाने दिले तर भिंतीवर लावा, पायाला नको.

पॅडवर वाचवलेले पैसे मास्ककडे वळवा. तिथे मी जुनं घ्या म्हणणार नाही, निदान कुठून आलंय आणि किती मार खाल्लाय हे ठाऊक नसताना तरी. गोलीच्या मास्कवर सीएसएचं, म्हणजे कॅनडाच्या मानक संस्थेचं, प्रमाणपत्राचं लेबल शाबूत हवं, आणि जाळी लहान मुलांची, बारीक चौकोनांची हवी. मोठ्या खेळाडूंची मांजरडोळ्यांसारखी मोठ्या फटींची जाळी दिसायला देखणी, पण तिच्यातून काठीचं टोक आत जाऊ शकतं. गळ्याला बीएनक्यू, म्हणजे क्युबेकच्या मानक संस्थेचा, मार्क असलेला नेक गार्ड. हे दोन्ही जागेवर असल्याशिवाय पॅडची खरेदीच करू नका.

रंग तिला निवडू द्या. माप तुमचं, रंग तिचा. माझ्याकडे एक आठ वर्षांची मुलगी यायची, तिला जांभळे पट्टे असलेले पॅड हवे होते. आईने पांढरे घेतले, घाण दिसणार नाही अशी त्यांची समजूत होती, जी खरी नव्हती, पकचे काळे डाग पांढऱ्यावरच दिसतात. मुलीने दुसऱ्या आठवड्यात घरून जांभळी चिकटपट्टी आणली आणि बक्कलांच्या जागा सोडून सगळीकडे लावली. त्या पॅडवर ती दोन हंगाम खेळली, आणि ज्या काळजीने ती ते पॅड पुसून पिशवीत ठेवायची तसं मोठे गोलीही ठेवत नाहीत.

पुसण्याचं निघालंच म्हणून: घरी आल्यावर पिशवी गाडीत राहू देऊ नका. पॅड बाहेर काढा, कोरड्या फडक्याने पुसा, उभे ठेवा, पट्टे उघडे. पंख्यासमोर चालेल. हीटरच्या झरोक्यावर कधीच नाही, गोंद सुटतो आणि फोम कडक होतो.

आणि दिरांकडचे ते २८ इंची पॅड. ते परत करू नका. वर सांगितल्याप्रमाणे अंगठ्याने तपासा, मोडापासून खोबणीपर्यंत मोजा. बहुधा तेरा ते चौदा इंच निघेल. तो आकडा कागदाच्या पट्टीवर लिहून पॅडच्या आत चिकटवा आणि तळघरात कोरड्या जागी उभे ठेवा. लेक आज साडेअकराला असेल तर दरवर्षीच्या दीड सेंटीमीटरने तिला तिथे पोचायला तीनेक वर्षं लागतील. कपाटाच्या दारावरचा पेन्सिलचा आकडा साडेबारा-तेराला आला की ते काढा, तिला पालथं झोपवा आणि बांधून बघा.